रविवारी खचलेली जमीन

१

जमीन कधीही खोटं बोलत नाही. खोल खोदकामावरच्या प्रत्येक जाड पुस्तकात हे वाक्य पहिल्या पानावर असतं. दुसऱ्या पानापासून लेखक जमिनीच्या वतीनं स्वतःच बोलायला लागतात, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात कबूल करतात की या पुस्तकातले अंदाज प्रत्यक्षात निम्मे किंवा दुप्पट निघू शकतात.

त्यामुळे त्या बुधवारी सकाळी एका खड्ड्याच्या काठावरच्या पत्र्याच्या ऑफिसात एक तरुण इंजिनिअर आपलंच भाकीत खरं ठरलेलं पाहून किंचाळली, तेव्हा कुणीतरी तिला समजून घ्यायला हवं होतं. कुणी घेतलं नाही.

खड्डा शहराच्या ऐन मध्यावर होता. चार मजली तळघरासाठी तो बावीस मीटर खोल जायचा होता आणि सध्या नऊ मीटरवर होता. खड्डा खोदला की आजूबाजूची जमीन थोडीफार खचते. किती खचेल हे आधी सांगणं, हे या मुलीचं काम. म्हणून सगळे तिला ज्योतिषीण म्हणत. कुंडलीऐवजी ती मातीचे नमुने मांडायची, एवढाच काय तो फरक.

ती धावत साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब म्हणजे या कामाचे प्रमुख. त्यांना चांगली बातमी आवडायची. वाईट बातमी ते टेबलाच्या खणात ठेवायचे.

"साहेब, काहीतरी भयंकर झालंय."

"खचलं?"

"नाही."

"कोसळलं?"

"नाही हो! माझं बरोबर आलंय."

साहेबांनी तिच्या हातातले दोन कागद घेतले. एकावर तिचं भाकीत होतं: शेजारची तीन मजली इमारत कोणत्या दिवशी किती मिलिमीटर खचेल. दुसऱ्यावर रोज सकाळी मोजलेलं प्रत्यक्ष खचणं. पहिले चार दिवस आकडे एकमेकांकडे पाठ फिरवून होते. पाचव्या दिवसापासून मात्र, म्हणजे सलग पंधरा दिवस, दोन्ही रकाने जुळ्या भावांसारखे दिसत होते. तीन पॉइंट एक, तीन पॉइंट एक. पाच पॉइंट दोन, पाच पॉइंट दोन.

"अगं, मग छानच की!" साहेबांनी फोन उचलला. "मी केक सांगतो."

"साहेब, माती आहे ती. ती अशी वागत नाही. निम्मं आलं असतं तरी मी खूश झाले असते. इतकं जुळतंय याचा अर्थ एकच, कुणीतरी न मोजता माझ्या आलेखावरून आकडे उतरवून काढतंय. खरी जमीन किती खचलीय, ते कुणालाच माहीत नाही."

साहेबांनी फोन खाली ठेवला. वीस मिलिमीटरला त्या इमारतीतल्या माणसांना बाहेर काढायचं, असा नियम होता. ती आज सात पॉइंट तीनवर होती, की सतराच्या वर?

दोघांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, नाचाच्या वर्गात, साठी ओलांडलेल्या एकतीस बायका त्या क्षणी एकदम उडी मारत होत्या.

२

विमा कंपनीनं तपासासाठी भेगाकाकांना पाठवलं.

या गृहस्थांनी एकोणतीस वर्षं लोकांच्या भिंतींवरच्या भेगा पाहण्यात घालवली होती. भेग नवी की जुनी, खरी की हातोडीनं पाडलेली, हे ते तिच्यात नाक खुपसून सांगत. गोल चेहरा, गोल चष्मा, आणि खांद्यावर एक घडीचं स्टूल. कारण, ते म्हणत, खोटं बोलणारा माणूस पाहुण्याला कधी खुर्ची देत नाही, आणि खरं बोलणाऱ्याला ते सुचत नाही.

हुकूम साधा होता. शुक्रवारी चार वाजेपर्यंत आकडे खरे असल्याचा लेखी खुलासा मिळाला नाही, तर इमारतीचा विमा रद्द. विमा रद्द म्हणजे इमारत रिकामी, निदान सहा महिने. ते आले तेव्हा गुरुवारची सकाळ होती.

दारातच टपालताईंनी त्यांना अडवलं. या ऑफिसातला प्रत्येक कागद टपालताईंच्या हाताखालून जात असे. त्या खड्ड्याकडे पाठ करून बसत; त्यांच्या मते ते दृश्य ऑफिसला शोभणारं नव्हतं. त्यांनी भेगाकाकांचा पास लिहिला, शाईच्या डबीवर शिक्का दाबला आणि पासावर धाडकन उमटवला: कार्यवाहीसाठी.

"माझ्यावर कसली कार्यवाही करणार?" भेगाकाकांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. मी शिक्का मारते."

"प्रत्येक कागदावर?"

"मग? निवडून निवडून मारू का?"

तिथून ते मुकादमांबरोबर शिडीनं खड्ड्यात उतरले. मुकादम पन्नाशीचे, कोरड्या दिवशीही गमबूट घालणारे. खड्ड्याच्या चारही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, आणि समोरासमोरच्या भिंती आत झुकू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये आडवे टाकलेले जाडजूड लोखंडी पाइप. प्रत्येक पाइपाच्या टोकाला एक स्क्रू जॅक.

"जॅक घट्ट, तर भिंत जागेवर," मुकादमांनी एका जॅकवर घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं थोपटलं. "भिंत जागेवर, तर वरची जमीन जागेवर. पंचवीस वर्षं हेच करतोय काका. सांगितलेल्या कामात माझा फरक कधी काढून दाखवावा कुणी."

"छान तेलपाणी केलेलं दिसतंय."

"स्वतः करतो. रविवारी पण येऊन जातो. यांना सुट्टी नसते, मग मला कशाला?"

भेगाकाकांनी मान डोलावली आणि वर जाऊन मोजणीदाराला बोलवा म्हणाले. मोजणीदार आला तो घामानं डबडबलेला होता. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि पंखा चालू होता.

३

या माणसाचं नाव पडलं होतं मिलीमीटर. रोज सकाळी सातला तो तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण चढवायचा आणि इमारतीच्या भिंतीत बसवलेल्या पितळी खुंट्यांची उंची मोजायचा. खुंटी जितकी खाली, तितकी इमारत खचली. आकडे लिहून तो नऊ वाजता ऑफिसबाहेरच्या फळ्यावर लावायचा.

भेगाकाका स्टुलावर बसले. मिलीमीटरनं त्यांना खुर्ची दिली नाही, पण पाणी दिलं. स्वतःच प्यायला.

"रोज मोजता?"

"रोज. रविवारीसुद्धा."

"आणि रोज जुळतं?"

"मला काय माहीत जुळतं ते? मी मोजतो, लिहितो, लावतो. भाकिताकडे बघतच नाही मी. मनावर परिणाम होतो."

"त्या इमारतीत तुमच्या ओळखीचं कुणी राहतं?"

मिलीमीटरचे कान हळूहळू लाल झाले. "पहिल्या मजल्यावर. नाचाचा वर्ग आहे. मागच्या दोन खोल्यांत त्या बाई राहतात."

"कोण लागतात?"

"सासूबाई."

भेगाकाकांनी चष्मा पुसला. "इमारत रिकामी झाली तर सासूबाई कुठं जातील?"

"आमच्याकडे."

"किती खोल्या आहेत तुमच्या?"

"दोन. आणि एक बाल्कनी." मिलीमीटरनं ग्लास पुन्हा भरला. "बाल्कनीत मी झोपायचं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"त्यावर चर्चा झाली नाही."

"सहा महिने?"

"सासूबाई म्हणतात, आलेच आहे तर वर्षभर राहीन."

दाराआडून ऐकणाऱ्या साहेबांनी मनातल्या मनात खुलासा लिहायला घेतला. इतका भक्कम हेतू त्यांनी सिनेमातही पाहिला नव्हता. खरा आकडा पंधरा असो की अठरा, बाल्कनीत झोपण्यापेक्षा कुणीही सात लिहिलं असतं.

"काका, मी आकडे बदललेले नाहीत," मिलीमीटर म्हणाला.

"बघू," भेगाकाका म्हणाले. "आधी सासूबाईंना भेटतो."

मिलीमीटर एवढा घाबरलेला पूर्ण चौकशीत दिसला नव्हता.

४

"तुम्हीच का ते भेगा बघणारे?" सासूबाईंनी दार उघडलं. "बूट काढा. माझी फरशी तुमच्या खड्ड्यासारखी नाही."

बाई सत्तरीच्या, ताठ, आणि त्यांच्या आवाजाला मात्रा होत्या. आतल्या हॉलमध्ये वर्ग चालू होता. वीणा हातात धरावी तशी कुणी कंबर धरली होती, कुणी गुडघा.

"शनिवारी कार्यक्रम आहे," सासूबाई म्हणाल्या. "अकरा महिने तालीम केलीय. सगळ्यात लहान मुलगी एकसष्टची. आणि उद्या चार वाजता म्हणे आम्हाला बाहेर काढणार. बाहेर म्हणजे कुठं? जावईबापूंकडे जाऊन मी नाचवू का यांना बाल्कनीत?"

"बाल्कनी बुक आहे म्हणे."

"काय?"

"काही नाही. तुमचे जावई आकडे खोटे लिहितील असं वाटतं का तुम्हाला?"

"ते?" सासूबाई मनापासून हसल्या. "लग्नाआधी विचारलं होतं मी, स्वयंपाक येतो का. हो म्हणाले, आणि कान असे टोमॅटोसारखे झाले. त्यांना खोटं बोलता येत असतं तर मी मुलगी जरा लवकर दिली असती. संसाराला उपयोगी पडतं ते."

भेगाकाकांनी भिंती पाहिल्या. जिन्याजवळ तीन भेगा होत्या; तिन्हींमध्ये जुना रंग शिरलेला. म्हणजे त्या खड्ड्याच्या कितीतरी आधीच्या. खिडकीच्या वर एक नवी होती, केसाएवढी. तिच्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले, इतका की वर्गातल्या बायका तालातच जवळ येऊन पाहायला लागल्या.

"गंभीर आहे का हो?" एकीनं विचारलं.

"नाही. सुंदर आहे. सात-आठ मिलिमीटरला पडते तशीच आहे." आणि स्वतःशीच म्हणाले, "तीच तर भानगड आहे."

खाली उतरून त्यांनी गाडीतून स्वतःची दुर्बीण काढली. मिलीमीटरची घोडी, मिलीमीटरची पट्टी, मिलीमीटरचा माणूस, यातलं काहीही वापरायचं नाही, असं बजावून त्यांनी तीन रस्त्यांपलीकडच्या, खड्ड्याचं वारंही न लागलेल्या एका दगडी पुलापासून मोजायला सुरुवात केली. ज्योतिषिणीनं पट्टी धरली. दीड तास लागला. भेगाकाकांनी बेरीज-वजाबाकी केली, चष्मा काढून पुन्हा केली, आणि वही तिच्याकडे दिली.

तिच्या भाकिताप्रमाणे त्या दिवशी इमारत सात पॉइंट सहा खचलेली असायला हवी होती.

वहीत लिहिलं होतं: सात पॉइंट सहा.

मिलीमीटर निर्दोष होता. आकडे खरे होते. जमीन खरोखरच भाकीत वाचून वागत होती.

५

शुक्रवार उजाडला. चारला अजून सात तास होते, आणि खुलाशात लिहायला एकच वाक्य: आकडे खरे आहेत. भेगाकाका ते लिहायला तयार नव्हते.

"का पण?" ज्योतिषिणीनं विचारलं. रात्रभर तिनं आनंदी व्हायचा प्रयत्न केला होता, जमला नव्हता. "आकडे खरे आहेत ना?"

"आजचे खरे आहेत. उद्या का खरे असतील ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. तुझं भाकीत शेवटी कुठं जातं?"

"एकोणीस पॉइंट चार."

"आणि माणसं बाहेर काढायची हद्द वीस. म्हणजे ही जमीन अशीच आज्ञाधारक राहिली, तर काठावरून परतायचं म्हणतेय. मला असली शहाणी जमीन आवडत नाही." त्यांनी स्टूल तिच्या टेबलाजवळ ओढलं. "तुझ्या भाकितातली एखादी चूक सांग."

"चूक?"

"हो. तुला माहीत असलेली. प्रत्येकाला एक तरी माहीत असते."

ज्योतिषीण जरा ओशाळली. "रविवार विसरले होते मी."

"म्हणजे?"

"हिशेबात मी रोज खोदकाम धरलं. सातही दिवस. प्रत्यक्षात रविवारी काम बंद असतं. खोदलंच नाही तर जमीन जवळजवळ हलायलाच नको. पण आलेखात रविवारीही पॉइंट तीन, पॉइंट चार खचतेच आहे."

भेगाकाकांनी मोजणीची वही उघडली आणि बोट खाली सरकवलं. नववा दिवस, रविवार: पॉइंट तीन. सोळावा दिवस, रविवार: पॉइंट चार.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुणी खोदत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "तरी खचली."

"तुझी चूकसुद्धा पाळली तिनं. माती तुझ्या चुका पाळत नाही, पोरी. माणसं पाळतात." भेगाकाकांना आता मजा यायला लागली होती. "भाकीत एकदाच केलंस का?"

"नाही. दहाव्या दिवशी सुधारलं. खालच्या थरात चिकणमाती माझ्या अंदाजापेक्षा बरीच घट्ट निघाली. त्याप्रमाणे शेवटी फार तर नऊ मिलिमीटर. कालच्या दिवसाला चार पॉइंट एक. पण ते फळ्यावर लावायचं राहिलं, म्हणून तुलना जुन्याशीच चालू होती."

"ते कुणी वाचलं?"

"एक प्रत साहेबांना दिली, एक मिलीमीटरला."

साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, ती चांगली बातमी होती की वाईट, हे न कळल्यामुळे त्यांनी सावधगिरी म्हणून खणातच ठेवली होती. वाचली मात्र होती. मिलीमीटरनंही वाचली होती. मनावर परिणाम होतो, म्हणून एकदाच.

"म्हणजे तुम्ही तिघं सुटलात," भेगाकाका उभे राहिले. "तुमच्यापैकी कुणी ही करामत केली असती, तर नव्या आकड्यांच्या मागे गेला असता. पण जमीन जुन्याच आकड्यांवर चाललीय. जमिनीनं सुधारित भाकीत वाचलेलंच नाही! जुनं कुठं लावलं होतं?"

"बाहेरच्या फळ्यावर. चौथ्या दिवशी."

"आणि पाचव्या दिवसापासून जुळायला लागलं," भेगाकाका म्हणाले. "सगळ्यांना फळ्यापाशी बोलवा."

६

अडीच वाजता फळ्यापाशी साहेब, ज्योतिषीण, मिलीमीटर, टपालताई आणि मुकादम जमले. सासूबाई बोलावलं नसताना आल्या, दोन विद्यार्थिनी घेऊन.

फळ्यावर कामाचे कागद होते: कुठला पाइप कधी बसवायचा, कुठल्या कोपऱ्यात किती खोदायचं, गमबूट घाला. त्या सगळ्यांच्या मधोमध ज्योतिषिणीचा आलेख होता. तारखा आडव्या, मिलिमीटर उभे. आणि वरच्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईत, ठसठशीत शिक्का.

"मुकादम," भेगाकाकांनी आलेखाकडे बोट दाखवलं, "हा कागद काय आहे?"

मुकादमांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बाराखडी येत नसलेल्या मोठ्या माणसाकडे पाहतात.

"काय म्हणजे? रोजचं टार्गेट आहे."

ज्योतिषिणीच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"टार्गेट?" साहेब म्हणाले.

"हो साहेब. कोणत्या तारखेला इमारत किती खचवायची ते." मुकादमांच्या आवाजात आता थोडा अभिमान आला. "वरती लिहिलंय की, कार्यवाहीसाठी. मी म्हटलं, पहिल्यांदाच या ऑफिसनं काम नीट लिहून दिलंय. कागद लागला तेव्हा आपण मागे होतो. पॉइंट आठ पाहिजे तिथं पॉइंट तीन. जमीन अडूनच बसली होती हो! मग जॅक जरा सैल केले. पाव फिरकीला पॉइंट दोन जाते, दोन दिवसांत अंदाज आला. सकाळी मिलीमीटरचा कागद बघायचा, संध्याकाळी उरलेलं पुरं करायचं."

"आणि रविवारी?" भेगाकाकांनी विचारलं.

"रविवारी तर जास्त काळजी. खोदकाम नाही, म्हणजे सगळं जॅकवरच. दोन्ही रविवार आलो. कुणाला बोललो पण नाही."

ज्योतिषीण फळ्याला टेकली. "मुकादमकाका, ते टार्गेट नव्हतं. ती माझी भीती होती! जास्तीत जास्त एवढं खचेल की काय, अशी."

"मग तसं लिहायचं ना, ताई," मुकादम दुखावले. "भीतीसाठी म्हणून. मी हात लावला नसता."

सगळ्यांची तोंडं एकदम टपालताईंकडे वळली.

"माझ्याकडे शिक्का एकच आहे," टपालताई म्हणाल्या. "'माहितीसाठी' असा दुसरा चार वर्षांपूर्वी मागवलाय. तो मागणीचा कागदही वर पाठवला होता. त्यावरही हाच शिक्का मारून."

साहेबांनी नकळत स्वतःच्या खणाच्या दिशेनं पाहिलं आणि मग पाहिलंच नाही असं केलं.

सासूबाई मात्र मुकादमांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे गेले दोन आठवडे माझं घर तुम्ही हातानं खाली बसवत होता?"

"अगदी सावकाश, बाई," मुकादम म्हणाले. "वर नाच चालू असताना तर अजिबात नाही. वर्ग सुटला की मगच."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "ताल सांभाळलात, एवढं म्हणेन."

भेगाकाकांनी मात्र हसू आवरलं आणि पूर्ण चौकशीत एकदाच कडक बोलले. "मुकादम, एक पाइप निसटला असता तर हे सगळं कुणी हसत ऐकलं नसतं. जॅक आत्ता घट्ट करा. पुन्हा सैल करायचा असेल तर या मुलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही."

मुकादमांचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी काम उलटं करायला सांगत होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती घट्ट? आकडा लिहून द्याल?"

"नाही!" सगळे एकदम ओरडले.

चारला वीस मिनिटं कमी असताना भेगाकाकांनी स्टुलावर बसून खुलासा लिहिला. आकडे खरे, मोजणी चोख, माती अपेक्षेपेक्षा चांगली, खचण्याचं कारण आज्ञापालन. शेवटच्या शब्दावर विमा कंपनीतून फोन आला. भेगाकाका म्हणाले, हो, तसंच लिहा. साडेपाचला उत्तर आलं, इमारत रिकामी करायची गरज नाही.

मिलीमीटर घरी गेला आणि बाल्कनीतली गादी त्यानं इतक्या लांबच्या नातेवाइकांना देऊन टाकली की ती परत येणार नाही.

७

शनिवारी कार्यक्रम झाला. एकतीस बायका नाचल्या, बत्तिसावी, जिचा गुडघा दुखत होता, तिनं बसून टाळ्या दिल्या. पहिल्या रांगेत मुकादम होते, धुतलेल्या गमबुटांत. त्या बुटांसाठी सासूबाईंनी त्यांना दारातच थांबवलं होतं, मग कसं कोण जाणे, त्यांचा अपवाद केला.

ज्योतिषीण उशिरा आली, धापा टाकत. जागा नसल्यानं ती भेगाकाकांच्या स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली.

"काय झालं?" भेगाकाकांनी कुजबुजत विचारलं.

"आजचं मोजलं," ती म्हणाली. "सुधारित भाकीत चार पॉइंट चार म्हणतंय. इमारत सात पॉइंट आठवर आहे, आणि जॅक घट्ट केल्यापासून हललीच नाही. साफ चुकलं, काका!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बुधवारपासून पहिल्यांदा तिला शांत झोप लागणार होती. त्यांनी तिला रुमाल दिला आणि दोघंही पुढे नाच बघत बसले. तिसऱ्या नाचात एकसष्टची मुलगी चुकली, मग सगळ्याच तिच्यामागे चुकल्या, आणि तो नाच पुन्हा घ्यावा लागला. लोकांना तो दुसऱ्यांदा जास्त आवडला.

पुढचे चार महिने ज्योतिषिणीचं भाकीत रोज चुकत राहिलं, कधी पॉइंट सहानं, कधी दीड मिलिमीटरनं, आणि रोज सकाळी ती ते चुकलेलं पाहून चहा मागवायची. मुकादमांनी फळ्याकडे पाहायचंच सोडलं. खड्डा बावीस मीटरला पोचला तेव्हा इमारत एकूण दहा पॉइंट आठ मिलिमीटर खचली होती.

काम संपल्यावर दोन आठवड्यांनी नगरपालिकेच्या दप्तरातून इमारतीचा मूळ नकाशा आला. तो काम सुरू व्हायच्या आधी मागवलेला होता. त्याच्या मागे, इमारत बांधून झाली त्या वर्षीच्या तपासनिसाच्या अक्षरात, दोन ओळी होत्या: बांधकामातील चुकीमुळे पूर्वेकडील बाजू बावन्न मिलिमीटर खाली आहे. वापरास हरकत नाही.